टाइल न फोडता ग्रॅब बारला पाठीमागून आधार कसा द्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७८ वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं. पुण्यातला फ्लॅट. बाथरूम आणि बेडरूम यांच्यामधली भिंत पातळ आहे, टाइल्स दोन वर्षांपूर्वीच नव्या लावल्यात. सुताराने गिट्ट्या (स्क्रू धरणारे प्लास्टिकचे खुंटे) मारून ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचा दांडा, बसवला, तो आठव्या दिवशी हलायला लागला. टाइल फोडायची नाही. आणि उन्हाळ्यात वडील धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला जाणार आहेत, तिथली भिंत ठोकली की पोकळ वाजते. तर भिंतीच्या आत आधार द्यायचा कसा?

बाकी सगळं सांगण्याआधी एक विनंती. तो हलणारा दांडा आजच काढून टाका. दांडा नसेल तर माणूस जपून पाऊल टाकतो. दांडा दिसला की त्याच्यावर विसंबून वजन टाकतो, आणि नेमका तेव्हाच तो निघतो. पक्कं काम होईपर्यंत मेडिकलच्या दुकानात मिळणारी कमोडभोवतीची स्टीलची फ्रेम आणि रबरी बुचं असलेली, हातांची अंघोळीची खुर्ची आणा. कुणीतरी दाराबाहेर थांबा, आणि आतून कडी लावू देऊ नका.

आता दांडा का हलला ते बघू, कारण ते नीट कळलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं. ग्रॅब बारच्या पाकिटात जे स्क्रू येतात ते बहुतेक ४० ते ५० मिमी लांबीचे असतात, आणि सोबतची प्लास्टिकची गिट्टी ३५-४० मिमीची. तुमच्या भिंतीत बाथरूमच्या बाजूने आत जाताना काय काय लागतं ते मोजा. टाइल ८ मिमी. तिच्यामागे सिमेंटचा माल १५ मिमी, कधी २०. त्याच्यामागे बऱ्याच ठिकाणी आधीचं खडबडीत प्लास्टर १२ मिमी. म्हणजे खऱ्या भिंतीपर्यंत पोचायलाच ३५ मिमी गेले. पाकिटातला स्क्रू भिंतीत पोचलेलाच नसतो. तो टाइल आणि मालात अडकून बसलेला असतो, आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो, कारण टाइल कडक असते. सुताराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने टॉवेल रॉड जसा लावतात तसा हा लावला. पण टॉवेल रॉडवर ओला पंचा असतो, इथे माणूस असतो.

दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला धंद्यात पडल्यावर बऱ्याच वर्षांनी नीट समजली. आपल्याला वाटतं की दांड्यावर वजन खाली येतं, म्हणजे स्क्रूने खालचा भार पेलला की झालं. तसं होत नाही. दांड्याचा मध्य भिंतीपासून साधारण ५५ मिमी बाहेर असतो. त्यावर ६० किलो वजन खाली आलं, आणि ते सगळं एका टोकाजवळ आलं, तर तिथली गोल तबकडी खालच्या कडेवर टेकून वरून उघडायला बघते. तबकडी ८० मिमीची असेल तर वरच्या स्क्रूपासून खालच्या कडेपर्यंत ६५ मिमी अंतर मिळतं. ६० गुणिले ५५ भागिले ६५, म्हणजे सुमारे ५० किलोची ओढ वरच्या स्क्रूला भिंतीतून सरळ बाहेर खेचते. पाय घसरून झटक्याने हात घातला तर हा आकडा दुप्पट धरायचा. प्लास्टरमधल्या गिट्टीला हे झेपत नाही. सात दिवस ती थोडी थोडी सुटत गेली, आठव्या दिवशी तुम्हाला जाणवलं.

याच हिशेबाची दुसरी बाजू फार उपयोगाची आहे. तोच दांडा उभा लावला, दोन तबकड्यांमध्ये ४५० मिमी अंतर ठेवलं, तर खाली लोंबकळल्यावर बाहेर खेचणारी ओढ ७-८ किलोंवर येते, कारण तरफेचा हात लांब झाला. माणूस मागे झुकून दांडा स्वतःकडे ओढतो तेव्हा मात्र सरळ बाहेरच खेच बसते, मग दांडा उभा असो की आडवा. तरीही भिंत कमकुवत असेल आणि निवड करायची वेळ आली, तर मी उभ्या दांड्याकडे झुकतो.

आता भिंत कशाची आहे ते ओळखा. बिल्डरचं माहितीपत्रक राहू दे, भिंतीलाच विचारा. बेडरूमच्या बाजूने, फरशीलगतच्या पाटीच्या (स्कर्टिंगच्या) जरा वर, कपाटामागे दिसणार नाही अशा जागी ६ मिमीच्या बिटने एक भोक पाडा आणि कागदावर भुकटी धरा. प्लास्टरची करडी भुकटी संपल्यावर काय येतं ते बघा. लाल आली तर वीट. पांढरट, पिठासारखी, आणि बिट हाताने ढकलल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक, ज्याला साइटवर सगळे सिपोरेक्स म्हणतात. करडी, खरखरीत, आणि बिट रडत रडत गेलं तर काँक्रीट. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची एकूण जाडी मोजा. १३५ ते १५० मिमी भरली तर आत ४ इंची वीट किंवा १०० मिमीचा ब्लॉक आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या पुण्या-मुंबईच्या बहुतेक इमारतींत आतल्या भिंती एएसीच्या असतात. तुमचीही तीच असेल असा माझा कयास आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. हा ब्लॉक हलका असतो, घनमीटरला ५५० ते ६५० किलो, पाण्यावर तरंगेल इतका. त्याची दाब सोसायची ताकद प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३ ते ४ न्यूटन. म्हणजे साध्या एम २० काँक्रीटच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याची. भिंत म्हणून तो उत्तम आहे, पण खुंटी धरायला त्याच्यात काही नाही. लोखंडी फास्टनर, म्हणजे भोकात फुगून धरणारा बोल्ट, पिळून फुगवला की ब्लॉकच चुरतो आणि फास्टनर गोल फिरत राहतो. सिपोरेक्ससाठीच्या खास नायलॉनच्या गिट्ट्या मिळतात, त्या आरशाला, छोट्या कपाटाला ठीक आहेत. माणसासाठी मी त्या वापरत नाही.

अशा भिंतीला आधार पाठीमागूनच द्यायचा. तुमचं नशीब चांगलं की मागे बेडरूम आहे, शेजाऱ्याचं घर किंवा डक्ट नाही. टाइलला जी भोकं लागतील तेवढीच, बाकी सगळी तोडफोड बेडरूमच्या बाजूने. दोन रीती आहेत आणि मी दोन्ही करतो.

पहिली रीत आरपार बोल्ट आणि पट्टी. बाथरूमच्या बाजूने दांड्याच्या तबकडीची भोकं मारून ती तशीच सरळ पलीकडे काढायची. बेडरूमच्या बाजूला ५ मिमी जाडीची, १०० मिमी रुंद स्टेनलेस स्टीलची पट्टी, दांड्याच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे ७५-१०० मिमी जास्त. बाथरूममधून ६ मिमीचे स्टेनलेसचे बोल्ट आत, पलीकडे पट्टी, मोठा वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला. नायलॉक अशासाठी, की रोजच्या हिसक्यांनी साधा नट सैल होतो. ६ मिमीचा बोल्ट बारीक वाटतो, पण स्टीलचा बोल्ट इतक्या भाराने तुटत नाही. सोडते ती भिंत. आता भिंतीला सोडायला जागाच उरली नाही, कारण बोल्टची ओढ पट्टीवरून निदान दोन-तीन ब्लॉकांवर पसरते. बोल्टची लांबी स्वतः मोजून घ्या. १०० मिमी ब्लॉक, दोन्हीकडचे थर, पट्टी आणि नट मिळून १५५ ते १७० मिमीचा बोल्ट साधारण लागतो.

भोकं पलीकडे निघेपर्यंत ३-४ मिमी इकडेतिकडे होतातच, कितीही सरळ धरलं तरी. म्हणून पट्टीला भोकं गोल न पाडता लांबट पाडून घ्या, आणि आधी भिंतीत भोकं पाडून मग कागदावर त्यांचा छाप घेऊन पट्टी फॅब्रिकेटरकडे द्या. उलट क्रमाने केलं की पट्टी बसत नाही आणि मिस्त्री चिडून भिंतीतली भोकं मोठी करत बसतो. पट्टी पलंगाच्या डोक्याशी किंवा कपाटामागे येत असेल तर तशीच उघडी ठेवा, रंग द्या, झालं. लपवायचीच असेल तर तेवढ्या जागेचं प्लास्टर खरवडून पट्टी आत बसवा, वरून जाळी लावून पुन्हा प्लास्टर. जाळीशिवाय प्लास्टर स्टीलला धरत नाही, वर्षभरात पट्टीच्या आकाराची चीर दिसते.

नट घट्ट करताना हात आवरा. जोर काढून पिळलं तर दोन गोष्टी होतात: पट्टीखाली ब्लॉक दबतो, आणि टाइलमागे पोकळी असेल तर टाइल तडकते. दांडा हलायचा थांबला की त्यानंतर पाव फेरा, बस. दोन दिवसांनी पुन्हा एकदा तपासा.

दुसरी रीत काँक्रीटचा पट्टा. बेडरूमच्या बाजूने, दांड्याच्या उंचीवर, २०० मिमी उंच आणि ९०० ते १००० मिमी लांब अशी खाच ब्लॉकमध्ये कापायची. कटरने कापा, ब्रेकर अजिबात लावू देऊ नका. ब्रेकरच्या हादऱ्याने पलीकडच्या टाइल्स सुटतात. खाच ७५ मिमी खोल, म्हणजे टाइलच्या बाजूचा २०-२५ मिमी ब्लॉक तसाच राहतो आणि टाइलला धक्का लागत नाही. तरीही त्या वेळी बाथरूममधून टाइलवर एक प्लायचा तुकडा टेकवून ठेवा. खाचेत ८ मिमीच्या दोन सळया, दोन्हीकडे १०० मिमी शाबूत ब्लॉकमध्ये भोक पाडून घुसवलेल्या. ब्लॉक पाण्याने चांगला भिजवायचा, नाहीतर तो काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतो आणि काँक्रीट कच्चं राहतं. मग एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग बारीक खडी. वरच्या कडेला काँक्रीट बसल्यावर फट पडते, ती न आकसणाऱ्या ग्राऊटने भरायची. सात दिवस ओलं ठेवा, ड्रिल निदान दोन आठवड्यांनी मारा.

वेळ लागतो, धूळ होते, पण या पट्ट्याचा एक मोठा फायदा आहे: दांडा नेमका कुठे हवा ते नंतर बदलता येतं. आज वडिलांना एका जागी सोयीचं वाटतं, सहा महिन्यांनी दुसरीकडे. घडीचा दांडा, म्हणजे कमोडच्या बाजूला भिंतीतून ६०-७० सेंटिमीटर बाहेर येऊन वर दुमडणारा, लावायचा असेल तर मी पट्ट्याशिवाय काम घेतच नाही. तिथे तरफेचा हात ५५ मिमीचा नसतो, ७०० मिमीचा असतो. हिशेब तुम्हीच करून बघा.

या दोन्ही रीती चौकटीच्या इमारतीत, म्हणजे भार कॉलम-बीमवर असतो तिथे, बिनधोक आहेत. जुना वाडा किंवा भार भिंतींवरच असलेली इमारत असेल तर खाच मारण्याआधी इंजिनिअरला दाखवा. आणि नव्या उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, सगळे मायव्हान म्हणतात त्या. त्या भिंती भार घेतात, कापायच्या नाहीतच. तिथे कापायची गरजही नाही, काँक्रीट स्वतःच उत्तम आधार आहे. सळई आणि विजेचा पाइप चुकवून फास्टनर किंवा केमिकल अँकर (त्याबद्दल पुढे सांगतो) मारला की झालं.

भुकटी लाल निघाली, तर काम सोपं आहे पण वेगळं आहे. ४ इंची विटेच्या भिंतीत फुगणारा लोखंडी फास्टनर वीट फोडतो, विशेषतः विटेच्या कडेपाशी. तिथे केमिकल अँकर, म्हणजे बंदुकीतून भरायचं दोन घटकांचं रसायन आणि त्यात बसवलेला स्टेनलेसचा आटे असलेला रॉड. भोक टाइलच्या पृष्ठापासून १०० मिमी खोल, म्हणजे विटेत ६५ मिमी तरी गेलं पाहिजे. भोकाला जाळीची नळी घाला, कारण विटांमधल्या सांध्यात पोकळी असते आणि रसायन तिथे वाहून जातं. आणि भोक साफ करा: पंपाने फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका, असं दोन-तीनदा. माझ्या अनुभवात केमिकल अँकर निघतो तो नव्वद टक्के वेळा धुळीमुळे. रसायन विटेला नाही, धुळीला चिकटलेलं असतं. भोक ओलं असेल तर एक दिवस सुकू द्या. भरल्यावर रात्रभर हात लावू नका, ट्यूबवर अर्धा तास लिहिलं असलं तरी.

जुन्या पद्धतीने भिंतीत सागवानाची पाचर ठोकून त्यात स्क्रू मारणारे कारागीर अजून भेटतात. कोरड्या भिंतीत ती पाचर वीस वर्षं टिकते. बाथरूममध्ये ती भिजते, सुकते, आकसते, आणि वाळवीलाही आमंत्रण देते. आपल्या दगडविटांच्या ओल्या भिंतीत लाकूड नको.

आता पाइप. गरम-गार पाण्याचे पाइप टाइलमागे असतात आणि प्लंबर ते बहुतेक सरळ उभे किंवा सरळ आडवे नेतो. प्रत्येक नळ, मिक्सर, गिझरचा पॉइंट, फ्लशचा कॉक इथून मनाने एक उभी आणि एक आडवी रेघ ओढा आणि त्या रेघांपासून दोन्हीकडे १५० मिमी लांब राहा. तुमच्या टाइल्स दोन वर्षांपूर्वी लागल्यात, तेव्हा काढलेले फोटो फोनमध्ये असतील तर शोधा, ते सोन्याचे आहेत. गरम पाण्याचा पाइप शोधायची साधी युक्ती: गिझर तापवून दहा मिनिटं नळ सोडा आणि हाताचा पंजा टाइलवरून फिरवा. टाइल कुठे कोमट लागते ते कळतं. ड्रिल सुरू करण्याआधी घराचा मुख्य कॉक बंद करा, आणि तो खरंच बंद होतो का ते आधी तपासा; वर्षानुवर्षं न फिरवलेले कॉक अडकलेले असतात.

टाइल पोकळ आहे का, हे तपासल्याशिवाय भोक पाडू नका. नाण्याने टिचकी मारत सगळी टाइल फिरा. भरीव आणि पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. आपल्याकडे बरेच कारागीर टाइलच्या मधोमध मालाचा गोळा लावून दाबतात, चारही कोपरे पोकळ राहतात. माझ्या सुरुवातीच्या काळात मी डोंबिवलीच्या एका घरात अशाच टाइलवर दांडा बसवला होता. आवाज ऐकला होता, पण चालेल म्हणून पुढे गेलो. महिन्याभरात टाइल दांड्यासकट हातात आली. आजी तेव्हा स्टुलावर बसलेल्या होत्या म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं. त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली आणि काम पुन्हा करून दिलं, पण तो आवाज अजून कानात आहे. पोकळ टाइल असेल तर जागा बदला, किंवा सांध्यातून बारीक भोक पाडून मागे इपॉक्सी भरून घ्या आणि सुकल्यावर पुन्हा टिचकी मारा.

भोक पाडताना टाइलवर आधी कागदी टेप चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, डायमंडचं पोकळ बिट, हळू वेग, आणि कुणीतरी बाजूने पाणी सोडत राहिलं पाहिजे. टाइलच्या कडेपासून निदान ४० मिमी आत राहा. टाइलमधलं भोक बोल्टपेक्षा २ मिमी मोठं ठेवा, म्हणजे बोल्टचा धक्का टाइलला बसत नाही. टाइल ओलांडल्यावर विटेत किंवा काँक्रीटमध्ये हॅमर चालू करा. एएसीमध्ये शेवटपर्यंत बंदच. नंतर भोकात आणि तबकडीखाली न्यूट्रल सिलिकॉन भरा. एएसी स्पंजासारखं पाणी पितो. एका उघड्या भोकातून गेलेलं पाणी सहा महिन्यांनी बेडरूमच्या रंगावर फुगा बनून दिसतं.

दांडा विकत घेताना जाडी ३२ ते ३८ मिमी बघा. भिंत आणि दांडा यांच्यात ४० मिमीच्या आसपास फट असावी. कमी असेल तर बोटं घासतात, फार जास्त असेल तर पडताना हात कोपरापर्यंत आत घुसून अडकतो आणि हाड मोडतं. चकचकीत आरशासारखा दांडा साबणाच्या हातातून सुटतो, खरखरीत किंवा मॅट घ्या. स्टील ३०४ ग्रेडचं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत किंवा बोअरच्या पाण्यावर ३१६. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, त्यावर भरवसा ठेवू नका. स्वस्त २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ते गंजतं. बिलावर ग्रेड लिहून मागा. बोल्टही त्याच ग्रेडचे. व्हॅक्यूमच्या रबरी कपावर चिकटणारे दांडे मात्र घरात आणू नका. ते कधी सुटतील ते कुणीच सांगू शकत नाही.

जागा ठरवायची ती वडिलांच्या शरीरावरून. त्यांना चपला घालून, कोरड्या बाथरूममध्ये, कपड्यांत, कमोडवर बसवा आणि उठायला सांगा. हात आपोआप कुठे जातो तिथे टेपचा तुकडा लावा. पाच-सहा वेळा करा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी थकल्यावर एकदा. उठताना माणूस आधी पुढे झुकतो, म्हणून बैठकीच्या पुढच्या कडेपासून २५० ते ३०० मिमी पुढे उभा दांडा लागतो. नुसता बाजूला आडवा लावला तर तो बसल्यावर टेकायला उपयोगी, उठायला नाही. एल आकाराचा दांडा दोन्ही कामं करतो. अंघोळीपाशी ते स्टुलावर किंवा खुर्चीवर बसत असतील तर आडवा दांडा बैठकीच्या २०० ते २५० मिमी वर, म्हणजे तळव्याने दाबून उठता येतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर खाली फार वाकणं वर्ज्य असतं, त्यामुळे पाटावर बसून अंघोळ आता नाही, आणि कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवायची का हे डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात विसरली जाणारी जागा म्हणजे उंबरठा. आपल्या बाथरूममध्ये पाणी बाहेर येऊ नये म्हणून फरशी दोन-तीन इंच खाली असते किंवा संगमरवराचा उंबरा असतो. एक पाय कोरड्यावर, एक ओल्यावर, आणि हात धरायला काही नाही. तिथे दाराच्या चौकटीजवळ भिंतीत एक उभा दांडा लावा. आत जाताना आणि बाहेर येताना जोरकस हाताची बाजू बदलते, म्हणून जमलं तर दोन्हीकडे.

आता न्यू जर्सी. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी उभ्या दांडक्यांच्या चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात, बाथरूममध्ये सिमेंटचा बोर्ड आणि त्यावर टाइल. ठोकल्यावर पोकळ वाजते ती खरंच पोकळ असते. ही उभी दांडकी, त्यांना तिथे स्टड म्हणतात, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतात आणि प्रत्येकाची कड फक्त दीड इंच रुंद. तीन इंची तबकडीचे तीनही स्क्रू त्या दीड इंचात बसत नाहीत. म्हणून दोन स्टडच्या मध्ये आडवं लाकूड घालतात. त्यालाच ते ब्लॉकिंग म्हणतात. नवं बाथरूम होत असेल तर टाइल लागण्याआधी हे काम तासाभराचं आहे, आणि शहाणी माणसं कमोड आणि शॉवरभोवतीची सगळी भिंत आतून पाऊण इंची प्लायने मढवून घेतात, मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवतात.

टाइल लागून गेलेली असेल तर इथेही वाट तुमच्यासारखीच, पाठीमागून. बाथरूमच्या भिंतीमागे कपाट किंवा बेडरूम असेल तर त्या बाजूचा जिप्सम बोर्ड दांड्याच्या उंचीवर चौकोनी कापून काढा. आत साडेचौदा इंचांची मोकळी जागा दिसेल. तिथे ज्याला दोन बाय आठ म्हणतात ते लाकूड, प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वासात इंच रुंद, सपाट बाजूने सिमेंट बोर्डच्या पाठीला घट्ट भिडवून बसवायचं. दोन्ही स्टडना आधी लाकडाच्या छोट्या पट्ट्या ठोकून त्यांना हे तीन इंची स्क्रूने पक्कं करा, मध्ये बांधकामाचा गोंद. मग बोर्डचा तुकडा परत लावून सांधे भरून रंग. जिप्समचं काम आपल्या प्लास्टरच्या मानाने फार सोपं आहे, भाऊ शनिवार-रविवारात करू शकेल. टाइल, तिच्याखालचा माल आणि अर्धा इंची बोर्ड धरून बाथरूमकडून स्क्रू अडीच ते तीन इंच लांब हवा, म्हणजे लाकडात तो जवळजवळ पूर्ण दीड इंच जातो. बाहेरच्या भिंतीत हे करू नका, तिथे उष्णतारोधक थर आणि बाष्परोधक पडदा असतो. आणि कापण्याआधी आत वायर नाही ना ते बघा.

भाऊ अपार्टमेंटमध्ये राहत असेल तर आधी एक चौकशी करा. चार किंवा जास्त घरांच्या ज्या इमारती १३ मार्च १९९१ नंतर पहिल्यांदा वापरात आल्या, त्यांत लिफ्ट असेल तर सगळ्या घरांत आणि नसेल तर तळमजल्याच्या घरांत, बाथरूमच्या भिंती पुढे ग्रॅब बार लावता येतील अशा आतून मजबूत केलेल्या असाव्यात, असा तिथला समान गृहहक्काचा कायदा (फेअर हाउसिंग अॅक्ट) सांगतो. म्हणजे ब्लॉकिंग कदाचित आधीच असेल. भाड्याचं घर असेल तर याच कायद्याने अपंगत्वासाठी असा वाजवी बदल स्वतःच्या खर्चाने करू देणं मालकाला भाग आहे, पण त्याची परवानगी आधी मागायची असते. तिथल्या सार्वजनिक इमारतींसाठीच्या नियमात दांड्याची उंची जमिनीपासून ३३ ते ३६ इंच आणि ताकद २५० पौंडांची, म्हणजे सुमारे ११३ किलोंची, मागितली आहे. घराला तो नियम लागू नाही. ताकदीचा आकडा मात्र मी इथे पुण्यातही तोच धरतो. उंचीचा धरत नाही, कारण पाच फुटांच्या माणसाला बसल्यावर ३६ इंच खांद्याकडे जातं.

काम झाल्यावर वडिलांना लगेच वापरायला देऊ नका. आधी तुम्ही किंवा मिस्त्री, जो जास्त वजनाचा असेल त्याने, दोन्ही हातांनी धरून हळूहळू सगळं वजन टाका. मग भिंतीला पाय लावून मागे ओढा. एकाने तबकडीच्या कडेवर बोट ठेवून बघायचं. केसाइतकी जरी हालचाल जाणवली किंवा टिचकीचा आवाज बदलला, तर काम उघडायचं. तबकडीवरचं झाकण सरकवून दर सहा महिन्यांनी बोल्ट तपासा, गंजाचा डाग दिसला तर बोल्ट बदला.

बेडरूमच्या बाजूने पाडलेल्या त्या ६ मिमीच्या भोकातून कोणत्या रंगाची भुकटी आली आणि भिंतीची जाडी किती भरली, या दोन गोष्टी कळवा. टाइलवर नळांच्या जागा दिसतील असा फोटोही पाठवा. बोल्टची लांबी आणि पट्टीचं माप मी काढून देतो.